चारशेतले वीस

चारशे मेल पाठवले, वीस नोंदण्या आल्या. शंभराला पाच. यादी चोवीस हजार पत्त्यांची. सरांनी माझ्यासमोरच खडू उचलला, फळ्यावर १२०० लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

ही जून २०२३ मधली गोष्ट. नीटचा निकाल १३ जूनला रात्री लागला होता. निकालानंतरचे दहा-बारा दिवस म्हणजे नांदेड-लातूरच्या क्लासेसचा खरा हंगाम. ज्यांचे मार्क थोडक्यात हुकले ती मुलं रिपीटर बॅचकडे वळतात आणि कुठल्या क्लासला जायचं हे याच दिवसांत ठरतं. सरांच्या क्लासने २५ जूनच्या रविवारी निवड चाचणी ठेवली होती. तिच्या नोंदणीसाठी मेल पाठवायचं काम माझ्याकडे होतं. मी नांदेडला याच कामात आहे. याद्या सांभाळणं, मेल लिहिणं, पाठवणं आणि किती प्रतिसाद येईल याचा अंदाज देणं.

लोक विचारतात, आजकाल मेल कोण वाचतं? व्हॉट्सअ‍ॅपवर एकाच नंबरवरून हजारो लोकांना मजकूर गेला की नंबर बंद पडू शकतो. एसएमएसला मजकुराचा नमुना आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मेल स्वस्त पडतो. शिवाय नीट आणि सीईटीच्या फॉर्मला ई-मेल पत्ता लागतोच, त्यामुळे निकालाच्या आसपास मुलं मेल उघडून बघतात. बाकी वर्षभर बघत नाहीत हेही खरं.

गुरुवारी, १५ तारखेला, मी आधी चाचणी म्हणून चारशे मेल पाठवले. शनिवारी संध्याकाळी वीस नोंदण्या मोजल्या आणि सरांना सांगितलं, ‘‘पाच टक्के.’’ एवढंच सांगितलं. रविवारी उरलेली सगळी यादी पाठवली.

चोवीस हजारांतून शेवटी ३१२ नोंदण्या झाल्या. म्हणजे १.३ टक्के.

बाराशेच्या भरवशावर मधल्या आठवड्यात काय काय झालं होतं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. एका शाळेचे सगळे वर्ग रविवारसाठी घेतले होते. प्रश्नपत्रिका छापून आल्या होत्या. नोंदणी केलेल्यांपैकी साधारण चौथा हिस्सा प्रवेश घेतो, हा सरांचा जुना अनुभव. म्हणजे तीनशे मुलं, त्यांतली बहुतेक बाहेरगावची. त्यांच्या जेवणाची सोय आधी लावायला हवी, म्हणून सरांनी ओळखीच्या मेसवाल्यांना निरोप दिले. त्यातल्या एका मावशींना साठ मुलं सांगितली होती.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी मावशींच्या मेसवर गेले. मी तिथेच जेवते, नेहमीचंच जाणं. कोपऱ्यात स्टीलची ताटं एकावर एक रचून ठेवली होती, साठच्या साठ, कंपनीचे स्टिकरही न काढलेली. शेजारी गव्हाची पोती. वरचा मजला त्यांनी तीन महिन्यांचं डिपॉझिट देऊन घेतला होता आणि पोळ्यांना दोन बायका वाढवल्या होत्या. मुलं आली चौदा. मावशी मला काही बोलल्या नाहीत, कारण तो आकडा कुठून आला ते त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्या लेखी तो सरांचा शब्द होता. मला ठाऊक होतं. माझ्या तोंडून निघालेले ‘पाच टक्के’ सरांच्या फळ्यावरून मावशींच्या कोपऱ्यापर्यंत आले होते, आणि वाटेत कुणीही विचारलं नव्हतं की हे पाच कशावरून.

त्या रात्री यादी उघडून बसले. चूक पहिल्या पानावरच सापडली. यादी चौकशीच्या तारखेप्रमाणे लावलेली होती, ताजी नावं वर. मी वरच्या चारशे ओळी उचलल्या होत्या. म्हणजे माझा मेल गेला होता त्या मुलांना, जी गेल्या पंधरा-वीस दिवसांत स्वतः क्लासवर येऊन फी विचारून गेली होती. खालच्या हजारो ओळी दोन, तीन, चार वर्षांपूर्वीच्या. त्यांतली कितीतरी मुलं एव्हाना बीएस्सीच्या, नर्सिंगच्या, इंजिनिअरिंगच्या वर्गात बसली असतील. त्यांना रिपीटर बॅचचं काय?

शितावरून भाताची परीक्षा करतात असं आपण म्हणतो. पण भात शिजवणारी बाई शीत कुठलं घेते? ती आधी उलथन्याने तळापासून भात वर-खाली करते, मग चिमटीत घेते. वरचं शीत शिजलेलं आणि तळाचं करपलेलं असू शकतं, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. मी यादी हलवलीच नव्हती.

दिवाळीला गावी गेले तेव्हा हे सगळं अण्णांना सांगितलं. माझे वडील मुखेड तालुक्यात तलाठी होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘माय, आम्ही बांधावरून पीक बघून उतारा लिहिला असता तर गावानं आम्हाला उभं केलं असतं का?’’

मग त्यांनी पीक कापणी प्रयोग कसा करायचे ते सांगितलं. लहानपणी मी त्यांच्याबरोबर दोन-तीनदा गेले होते, पण त्यातल्या फक्त दोरी आणि खुंट्या लक्षात होत्या. गावातलं शेत आपण निवडायचं नाही. यादृच्छिक आकड्यांचा तक्ता असतो, त्यावरून गट नंबर निघतो. शेतात गेल्यावरही चौकट कुठे टाकायची ते आपण ठरवायचं नाही. ठरावीक कोपऱ्यापासून लांबीकडे किती पावलं आणि रुंदीकडे किती, हेही आकड्यांवरूनच. तिथे खुंटी ठोकायची, दोरीने चौकट आखायची, आतलं पीक कापायचं, मळायचं, वजन करायचं. शेतकरी शेजारी उभा असतो. त्याला वाटतं चौकट जरा पातळ पिकात पडावी, म्हणजे विमा मिळेल. कधी कुणाला वाटतं भरघोस पिकात पडावी. ‘‘म्हणून तर आकडे,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आपलाही हात पाक नसतो. डोळा चांगल्या पिकाकडेच जातो.’’

नांदेड-लातूरकडच्या प्रत्येक सोयाबीनवाल्याला हा प्रयोग माहीत आहे, कारण महसूल मंडळाचा सरासरी उतारा काढताना हा प्रयोग धरला जातो आणि पीकविमा त्या उताऱ्यावर ठरतो. ही पद्धत देशभर रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा. वि. गो. पानसे आणि सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात कापूस, गहू यांचे उतारे यादृच्छिक नमुन्याने काढायचं काम उभं केलं. दोघांनी मिळून लिहिलेलं शेती संशोधनातल्या संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ मध्ये निघालं. कृषी महाविद्यालयांत ते पिढ्यान् पिढ्या वाचलं गेलं. माझ्या कृषी पदवीधर मावसभावाच्या कपाटातही ते होतं. सुखात्म्यांनी त्याच काळात एक गोष्ट दाखवून दिली होती, ती वाचून मी थबकले. चौकट फार लहान घेतली की उतारा खऱ्यापेक्षा जास्त येतो. कारण कडेवरची झाडं आत धरायची की बाहेर, हे कापणारा ठरवतो आणि त्याचा कल ती आत घेण्याकडे असतो. चौकट जेवढी लहान, तेवढा एकूण पिकात कडेचा वाटा मोठा. कुणी लबाडी केलेली नसते, तरी आकडा फुगतो.

माझे चारशे हे अगदी असेच फुगलेले होते. पाच टक्के ऐकून मलाही बरं वाटलं होतं, आणि बरं वाटणारा आकडा माणूस पुन्हा तपासत नाही.

यादी ओळीओळीने तपासताना आणखी एक गोष्ट निघाली. एकच ई-मेल पत्ता त्रेसष्ट वेळा. नावं वेगळी, गावं वेगळी, पत्ता तोच. माझ्या चाचणीच्या चारशेतही त्याच्या अकरा ओळी होत्या, आणि वीसपैकी सहा नोंदण्या त्याच पत्त्यावरून झाल्या होत्या. मी यादीतला फोन लावला. तिकडून एका तालुक्याच्या गावातला नेट कॅफेवाला बोलला.

‘‘मॅडम, तोच मेल अकरा-अकरा वेळा कामून पाठवायलात?’’ आधी तो वैतागलेलाच होता. मग मोकळा झाला. पोरांकडे स्वतःचा मेल नसतो, असला तर पासवर्ड विसरतात. फॉर्म भरताना ओटीपी यायला हवा, म्हणून तो आपलाच पत्ता टाकतो. क्लासच्या चौकशीच्या फॉर्मवरही पोरं तोच लिहून येतात. ‘‘तुमचा मेल आला तर मी त्याची प्रिंट काढतो अन् दुकानाच्या काचेला लावतो. ज्याला पाहिजे तो येतो.’’

मी पुढच्या महिन्यात त्या गावावरून जाताना मुद्दाम थांबले. बसस्टँडसमोरचं दुकान, काचेला आतून चिकटपट्टीने लावलेले कागद. जात प्रमाणपत्राला लागणाऱ्या कागदांची यादी, शिष्यवृत्तीची मुदत, पोलीस भरतीची जाहिरात आणि त्यांच्यात आमचा मेल, उन्हाने पिवळा पडलेला. तारीख होऊन गेली होती तरी काढलेला नव्हता. एक मुलगा त्याच्यापुढे उभा राहून वहीत फोन नंबर उतरवून घेत होता. मी एका पत्त्यावर मेल पाठवला असं माझं सॉफ्टवेअर सांगत होतं. त्या काचेपुढून दिवसाला किती पोरं जात असतील हे कुठल्याच सॉफ्टवेअरला दिसत नाही.

हिशेबाच्या अंगाने मात्र याचा अर्थ सरळ आहे. त्या सहा नोंदण्या म्हणजे सहा वेगवेगळे पुरावे नव्हते. एका माणसाने प्रिंट काढायचं ठरवलं, त्याचं ते फळ होतं. तो त्या दिवशी दुकान बंद करून लग्नाला गेला असता तर सहाच्या जागी शून्य आलं असतं. एकाच गावातली दहा शेतं कापून तालुक्याचा उतारा सांगता येत नाही, तसंच हे. म्हणून आता मी आधी पत्ते एकत्र करते. ओळी मोजत नाही, वेगवेगळे पत्ते मोजते. ज्या पत्त्यामागे दहापेक्षा जास्त नावं आहेत ते बाजूला काढते आणि त्यांचा हिशेब निराळा ठेवते. या नेट कॅफेवाल्यांना आता चाचणीत धरतच नाही. त्यांना फोन करून सांगते आणि छापायला सोयीचा, मोठ्या अक्षरांतला कागद पाठवते.

समजा नमुना नीट उचलला असता, यादी हलवून, पत्ते एकत्र करून. तरी चारशेतल्या वीसवरून ‘पाच टक्के’ असं छातीठोक सांगता आलं असतं का? नाही. पुन्हा दुसरे चारशे उचलले तर वीसच येतील असं नाही, चौदा येतील, पंचवीस येतील. किती हलेल त्याचा अंदाज घ्यायला एक सोपी रीत आहे आणि प्रतिसादाचं प्रमाण कमी असेल तिथे ती चांगली चालते. आलेल्या नोंदण्यांचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, तेवढं खाली आणि तेवढं वर धरा. वीसचं वर्गमूळ साधारण साडेचार, दुप्पट नऊ. म्हणजे अकरा ते एकोणतीस. टक्क्यांत पावणेतीन ते सव्वासात. चोवीस हजारांवर ६६० ते १७४०. सरांनी ज्याखाली दोन रेघा ओढल्या त्या १२०० ची खरी रुंदी एवढी होती, आणि तीही नमुना चोख असता तर.

या रितीतून मला एक गोष्ट नीट उमगली. किती मेल पाठवले यापेक्षा किती नोंदण्या आल्या यावर अंदाजाचा कस ठरतो. शंभर नोंदण्या आल्या तर वर्गमूळ दहा, दुप्पट वीस. म्हणजे ऐंशी ते एकशेवीस. एवढ्यावर माणूस काम करू शकतो. पण दोन टक्क्यांच्या हिशेबाने शंभर नोंदण्या यायला पाच हजार मेल पाठवावे लागतात. आणि अंदाजाची रुंदी निम्मी करायची तर चौपट मेल लागतात, दुप्पट करून भागत नाही. लहान क्लासची यादीच पाच-सहा हजारांची असते. त्यांना मी आता स्पष्ट सांगते की चाचणीत पैसे आणि दिवस घालवू नका, आहे ते सगळं पाठवा आणि मेसला आधी काही सांगू नका.

शून्याचाही असाच फसवा अर्थ निघतो. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना नियम घातले. स्पॅम म्हणून होणाऱ्या तक्रारी हजारी तीनच्या खाली राहायला हव्यात, नाहीतर मेल इनबॉक्सपर्यंत पोचायची मारामार. तेव्हा एका क्लासचे व्यवस्थापक मला म्हणाले, ‘‘चारशेत एकही तक्रार नाही, बिनधास्त पाठवा.’’ मी थांबवलं. एकही घटना घडली नसेल तर तीनला नमुन्याच्या आकड्याने भागायचं, खरं प्रमाण तिथपर्यंत असू शकतं. तीन भागिले चारशे म्हणजे हजारी साडेसात. चारशेत शून्य आलं म्हणून हजारी तीनची खात्री देता येत नाही. तेवढं म्हणायला निदान हजारात शून्य यावं लागतं.

मेल किती जणांनी उघडला, तो ओपन रेट मी कुणाला सांगतच नाही. अ‍ॅपलने २०२१ पासून मेलमधली चित्रं माणसाने मेल उघडायच्या आधीच उतरवून घ्यायला सुरुवात केली, तेव्हापासून तो आकडा भरवशाचा राहिला नाही. नोंदणी झाली का, एवढंच मोजते.

सरांना हे पटवणं सोपं नव्हतं. ‘‘मॅडम, मला रेंज नको, आकडा सांगा,’’ असं ते म्हणायचे आणि त्यांचंही चूक नव्हतं. शाळेला ‘वीस ते पन्नास वर्ग द्या’ असं सांगता येत नाही. पुढच्या वर्षी, २०२४ च्या मार्चमध्ये, त्यांनी सब्जेक्ट लाइनची चाचणी करायला सांगितली. एक मराठीत, एक इंग्रजीत, अडीचशे-अडीचशे पत्त्यांवर. मराठीला सहा नोंदण्या आल्या, इंग्रजीला अकरा. सर म्हणाले, जवळजवळ दुप्पट, यापुढे सगळं इंग्रजीत. मी म्हटलं, फरक पाचचा आहे. दोन्ही मिळून सतरा, सतराचं वर्गमूळ चार, दुप्पट आठ. फरक आठच्या वर गेला तर बोलू. त्यांना ते हिशेब लांबवल्यासारखं वाटलं.

मग मी त्यांच्याच अंगणात गेले. लातूर पॅटर्नचा सगळा डोलारा चाचण्यांवर उभा आहे. लातूरच्या राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांतून तो नावारूपाला आला तो पुन्हापुन्हा सराव, पुन्हापुन्हा परीक्षा या शिस्तीवर, आणि नांदेडच्या क्लासेसनीही तीच शिस्त उचलली. मी विचारलं, ‘‘सर, पहिल्या युनिट टेस्टमध्ये जो पहिला येतो तो दुसऱ्या टेस्टमध्ये पहिला येतो का?’’

‘‘क्वचित. पाचात-दहात असतो.’’

‘‘का?’’

‘‘त्या दिवशी त्याला येणारे प्रश्न जास्त पडलेले असतात. पुढच्या वेळी तेवढी साथ मिळत नाही.’’

‘‘मग पहिल्या टेस्टवरून तुम्ही त्याच्या आईवडिलांना नीटचा स्कोअर सांगता का?’’

सर गप्प बसले. हे त्यांना सांख्यिकीच्या पुस्तकातून कधी पटलं नसतं, पण हजारो मुलांच्या उत्तरपत्रिका त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. पाच सब्जेक्ट लाइनींतून सगळ्यांत वर आलेली निवडली की मोठ्या यादीवर तिचा दर बहुतेकदा उतरतो, तोही याच कारणाने. ती थोडी चांगली असते आणि त्या दिवशी तिला थोडी साथही मिळालेली असते. साथ पुढच्या खेपेला येत नाही.

नंतर आम्ही तीन-तीन हजार पत्त्यांवर तीच चाचणी पुन्हा केली. मराठी ६१, इंग्रजी ५४. हाही फरक धरण्यासारखा नव्हता. सब्जेक्ट लाइन कुठल्या भाषेत आहे याने आमच्या मुलांना फरक पडतो असं दिसत नाही, एवढंच त्यातून कळलं आणि आम्ही मराठीतच लिहीत राहिलो.

त्याच सुमारास लातूरचं एक काम आलं. लोहा, अहमदपूर, चाकूर करत मी तिथे जात असे. ट्यूशन एरियातली गर्दी नांदेडसारखीच, मेस तशाच, भिंतींवरचे टॉपर्सचे फोटो तसेच. मला वाटलं, नांदेडचा दर इथे लावून टाकू. बरं झालं लावला नाही. लातूरच्या यादीत सोलापूर, बीड, धाराशिवकडची मुलं होती, आणि पत्ते बऱ्याचदा वडिलांचे होते, नोकरी करणाऱ्या, ऑफिसात मेल बघणाऱ्या. प्रतिसाद जास्त होता आणि लवकर येत होता. नांदेडच्या यादीत किनवट-माहूरपासून देगलूर-बिलोलीपर्यंतची मुलं, आणि घरचा निर्णय सावकाश होतो. वडील बाजाराच्या दिवशी तालुक्याला येतात, ओळखीच्या मास्तरांना विचारतात, मग ठरतं. नांदेडला पहिल्या दोन दिवसांत जेवढ्या नोंदण्या येतात त्याच्या जवळपास निम्म्या पुढच्या पाच दिवसांत येतात, हे मी नंतरच्या तीन हंगामांत मोजलं. २०२३ ला दोन दिवसांत गुंडाळलेली माझी मोजणी त्या बाजूनेही कच्ची होती. फक्त ती चूक उलट्या दिशेची होती, म्हणून झाकली गेली.

आणि पाऊस. २०२३ च्या जूनमध्ये पाऊस लांबला, तिसऱ्या आठवड्यापर्यंत आमच्याकडच्या पेरण्या खोळंबल्या. बियाणं-खतासाठी ठेवलेला पैसा हातात, आभाळाकडे डोळे. अशा घरात मुलाची सव्वा-दीड लाखाची फी कोण आज ठरवेल? कुठलीही चाचणी ज्या आठवड्यात केली त्या आठवड्यापुरतंच बोलते. हे मी आता अंदाजाच्या कागदावर लिहून देते. चाचणी कधी केली, पेरणी झाली होती का, बारावीचा निकाल लागला होता का.

तो कागद आता असा असतो. यादीतल्या प्रत्येक पत्त्यापुढे एक्सेलमध्ये यादृच्छिक आकडा टाकते आणि त्याप्रमाणे यादी लावते, म्हणजे भात हलवून झाला. चौकशीच्या वर्षाप्रमाणे गट पाडते आणि प्रत्येक गटातून त्याच्या प्रमाणात पत्ते उचलते. सात दिवस थांबते. गेल्या हंगामात वीस हजारांतून दोन हजार पत्ते उचलले होते, ३१ नोंदण्या आल्या. ३१ चं वर्गमूळ साडेपाच, दुप्पट अकरा, म्हणजे वीस ते बेचाळीस. वीस हजारांवर २०० ते ४२०.

इथे पूर्वी सर म्हणायचे, आकडा द्या. आता मी तीन आकडे देते आणि कुठला आकडा कुणाला सांगायचा तेही लिहिते. निवड चाचणीच्या हॉलला आणि प्रश्नपत्रिकांना वरचा, ४२०. जागा कमी पडली तर मुलगा दारातून परत जाईल, आणि चार बाकं रिकामी राहिली तर कुणाचं काही बुडत नाही. शिक्षकांचं वेळापत्रक मधल्या ३१० वर. मेसला खालच्या २०० वरून निघणारा. कारण तिथे चुकलं तर ज्याने गहू भरला त्याचे पैसे जातात आणि त्याला तो आकडा कुठून आला ते विचारायचीही सोय नसते. माझ्या मते रेंज सांगण्याचा खरा उपयोग हाच आहे. एकच आकडा दिला की चुकीचा सगळा भार खालच्या माणसावर पडतो. दोन टोकं दिली की कुणी किती धोका घ्यायचा ते बोलून ठरवता येतं.

सगळे अंदाज या रुंदीत बसतात असंही नाही. वीसात एकदा ते बाहेर जाणार, हे त्या रितीतच आहे. माझ्याकडून आतापर्यंत एकदा गेला आणि त्या क्लासला मी ते आधी सांगून ठेवलं होतं.

गेल्या हंगामात मावशींकडे मी स्वतः गेले. सरांनी निरोप पाठवायच्या आधी. कागद दाखवून म्हटलं, ‘‘मावशी, पंचवीस पोरं धरून चाला. चाळीसच्या वर जाणार नाहीत.’’

‘‘नक्की किती, ते सांग ना.’’

‘‘नक्की कुणालाच सांगता येत नाही. पंचवीसच्या खाली आली तर मला बोला.’’

त्यांनी तीस धरून गहू भरला. वरचा मजला घेतला नाही. चौतीस मुलं आली.